गुळानं चिकटलेलं पान

लग्नाला बारा वर्षं झाली तोवर मी नवऱ्याला काहीएक शिकवलं नव्हतं. शिकवायला गेले असते तर त्यांनी ऐकलंही नसतं. ते भोरच्या एका व्यापाऱ्याची मालमोटार चालवायचे, आणि मोटार चालवणाऱ्या माणसाचा त्या काळी काय रुबाब होता, हे आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. बाजारातून निघाले की लोक आपणहून रामराम घालायचे. कुणाची मोटार घाटात बंद पडली की आमच्या दाराशी माणूस यायचा. अशा माणसाला मी पंधरा दिवस पाटावर बसवून प्रश्न विचारले, चुकला की टाकून बोलले, आणि एका प्रश्नाचं उत्तर धडधडीत खोटं शिकवलं. ते खोटं मी का बोलले आणि त्याचं पुढे काय झालं, ते मला सांगायचं आहे.

संस्थान विलीन झालं त्या वर्षीची गोष्ट. यांच्याकडे संस्थानचा परवाना होता. पिवळा पडलेला एक कागद नि त्यावर गोल शिक्का. त्या कागदावर यांनी पंधरा वर्षं वरंधा घाटानं महाडला तांदूळ नि हिरडा नेला होता आणि येताना मीठ नि सुकी मासळी आणली होती. पंधरा वर्षांत एक शेळीसुद्धा चाकाखाली आली नव्हती, हे ते स्वतःच सांगायचे, आणि दर खेपेला सांगायचे.

एक दिवस मालक स्वतः घरी आले. मालकानं नोकराच्या घरी यावं ही काही चांगली खूण नव्हे. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “तो शिक्क्याचा कागद आता जपून ठेव, पण त्याचा उपयोग संपला. पुण्याला परीक्षा द्यावी लागेल. तिथं पास झालास तर नवं लायसन.”

“मला चालवायला कोन शिकवनार पुण्याचा?” हे हसून म्हणाले.

“चालवायचं नंतर रे. आधी साहेब तोंडी प्रश्न विचारतो. नियमांचे. त्यात नापास झाला त्याला मोटारीत बसूच देत नाहीत.” मालकांनी खिशातून एक पातळसं पुस्तक काढून ओट्यावर ठेवलं. “पंधरा दिवसांनी तारीख आहे. मास्तरांकडून वाचून घे. पास झालास तर गाडी तुझीच. नाही तर मला पुण्याहून माणूस आणावा लागेल. माझा माल थांबून चालायचं नाही.”

मालक गेल्यावर हे बराच वेळ त्या पुस्तकाकडे बघत बसले. यांना अक्षरओळख नव्हती. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय ते सांगणारा माणूस, पण पुस्तक उलटं धरलं तरी त्यांना कळलं नसतं. मास्तरांकडे जा म्हटलं तर उसळून म्हणाले, “चाळिशीला आलो, आता पोरांच्या मांडीला मांडी लावून बसू व्हय?” आणि पुस्तक फळीवर भिरकावून बाहेर गेले.

मला वाचता येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो माझा एक दोष आहे असं समजून सगळे गप्प बसायचे. माझं माहेर मार्गासनीचं. वडील गाडीवान. वेल्ह्याकडच्या लोकांचं भात बैलगाडीनं नसरापूरच्या बाजाराला न्यायचे. गावातली माणसं मुंबईला गिरण्यांत गेलेली, तेव्हा आलेलं पत्र वाचणारं घरात कुणीतरी असावं म्हणून वडिलांनी मला चौथीपर्यंत शिकू दिलं. लग्नानंतर बारा वर्षांत मी वाचलं काय, तर सामानाच्या पुड्यांचे कागद. ते पुस्तक मी फळीवरून काढलं तेव्हा आधी त्याचा वास आला. मालकांच्या दुकानात ते गुळाच्या ढेपांवर पडून असणार. पाठीमागचं पुठ्ठ्याचं पान तेलकट झालेलं, कडा चिकट आणि सगळ्या पुस्तकाला गुळाचा वास. दोन मुंग्यासुद्धा निघाल्या. मी त्या झटकल्या आणि वाचायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक गोदामाशी भरायला लावून हे जेवायला आले, तेव्हा मी विचारलं, “शाळेपुढनं मोटार न्यायची असली तर काय करायचं?”

“काय करायचं म्हंजी? न्यायची.”

“नापास,” मी म्हटलं.

ते भाकरी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. मग पुस्तकाकडे नजर गेली. रागावले नाहीत. बहुतेक भीती रागापेक्षा मोठी झाली होती. उठून त्यांनी आधी दाराची कडी लावली आणि म्हणाले, “कुनाला सांगायचं न्हाई.”

तेव्हापासून रोज दुपारी ट्रक भरून होईपर्यंत आमची शाळा भरायची, दार लावून. सासूबाई दोन्ही नातींना घेऊन शेजारी जाऊन बसायच्या. चारपाच दिवसांतच आळीतल्या बायका नळावर माझ्याकडे बघून हसायला लागल्या. एक म्हणाली, “काय गं, बारा वर्सांनी नवी नवरी झालीस का?” मी लाजल्यासारखं केलं. खरं कळण्यापेक्षा तेच बरं होतं.

आत काय चालायचं ते मात्र लाजण्यासारखं नव्हतं. हे पाटावर बसायचे, हातात सुकाणू म्हणून सूप. मी म्हणायचे, उजवीकडे वळा. यांनी उजवा हात आडवा बाहेर काढायचा. थांबा, म्हटलं की हात उभा. हळू जा, म्हटलं की हात खालीवर. डावीकडे म्हटलं की हात गोल फिरवायचा, आणि नेमका तो कुठून कुठे फिरवायचा यावर आमची रोज भांडणं. ते म्हणायचे, घाटात कोण हात बघतो, हॉर्न वाजवला की झालं. मी म्हणायचे, साहेबापुढे हॉर्न कुठून आणणार?

“चौकात शिपायानं हात आडवा केला तर?”

“थांबायचं.”

“कुठं थांबायचं?”

“त्याच्या अंगावर न्हाई घालायची, एवढं पुरं की!”

“असं सांगितलं तर साहेब हाकलून देईल. रेघेच्या अलीकडे, असं सांगायचं.”

“भोरात रेघ हाय कुठं?” असं ओरडून त्यांनी सूप भिंतीवर मारलं. सुपाची एक कड तुटली. सासूबाईंना मी उंदरानं कुरतडलं म्हणून सांगितलं.

दिवस कमी होत चालले तसे हे जेवेनासे झाले. ट्रकवरून आले की आल्या आल्या विचारायचे, आज कितवा दिस. झोपेतही हात आडवा काढायचे, तो माझ्या तोंडावर यायचा. आणि माझं म्हणाल तर, खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडायला लागलं होतं. भीती होतीच. गाडी गेली तर खायचं काय हा विचार मलाही होता. पण ज्या माणसानं बारा वर्षांत मला कधी काही विचारलं नव्हतं, तो आता “ह्ये बरोबर का?” म्हणून माझ्या तोंडाकडे बघायचा. माझ्या अंगात मास्तरकी भिनली. बरोबर आलेल्या उत्तरातही मी चूक काढायला लागले.

पुस्तकाच्या शेवटी प्रश्नांची यादी होती. उत्तरं आधीच्या पानांत शोधायची. मी एकेक प्रश्न घ्यायचे, उत्तर शोधायचे, आणि मग यांच्याकडून पाठ करून घ्यायचे. तीन दिवस राहिले असताना एक प्रश्न आला: घाटात अरुंद जागी दोन मोटारी समोरासमोर आल्यास कोणी वाट द्यावी? मी पुस्तक पुढून मागे चाळलं. मागून पुढे चाळलं. उत्तर कुठेच नव्हतं. हे सूप मांडीवर ठेवून वाट बघत होते.

मला ठाऊक नाही, पुस्तकात सापडत नाही, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण त्या दुपारी मला ते म्हणवलं नाही. ज्यांनी कधी कुणाला शिकवलंय त्यांनाच हे कळेल. एकदा ‘ठाऊक नाही’ म्हटलं की आधीचं सगळं खोटं ठरेल असं वाटतं. मला लहानपणची वडिलांची गाडी आठवली. आमच्याकडच्या गाडीवानांची एक रीत होती. मार्गासनी ते नसरापूर वाट तेव्हा इतकी अरुंद की दोन गाड्या आल्या की एकीला शेतात उतरावं लागे. तेव्हा रिकाम्या गाडीनं उतरायचं आणि भरलेलीला वाट द्यायची. मग रिकामी गाडी पाटलाची का असेना. भरल्या गाडीला वाट, असं वडील लांबूनच ओरडायचे आणि समोरचा मुकाट्यानं बैल वळवायचा.

“भरलेल्या गाडीला वाट द्यायची,” मी म्हटलं. “रिकामीनं बाजूला थांबायचं.”

यांच्या कपाळाला आठी पडली. “आन् चढाची गाडी असली तर?”

“चढाची असो का उताराची. भरलेली पुढं.”

“न्हाई पर, चढाला गाडी थांबली म्हंजी...”

“पुस्तक कोन वाचतंय?” मी आवाज चढवला. “तुमी का मी?”

“पुस्तकात तसं हाय?”

“हाय.”

ते थोडा वेळ सुपाची तुटकी कड बोटानं चाचपत राहिले. मग म्हणाले, “मग तसंच असंल,” आणि तीन वेळा म्हणून पाठ केलं. भरल्या गाडीला वाट. भरल्या गाडीला वाट. भरल्या गाडीला वाट.

परीक्षेच्या दिवशी पहाटे यांनी धुतलेला सदरा घातला. सासूबाईंनी हातावर दही ठेवलं. पुण्याला माणसं नेणारी पहिली सर्व्हिस मोटार दिवस उगवायच्या आत सुटायची. दुसऱ्याच्या मोटारीत पाहुण्यासारखं बसून जाताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, “डावीकडं जाताना कसा फिरवायचा?” मी पदराआड हात फिरवून दाखवला.

मोटार गेल्यावर मी पुस्तक आवरलं. मालकांना परत द्यायचं होतं. चुलीवर भाताचं आधण होतं, मी पुस्तक फळीवर ठेवलं आणि तांदूळ धुऊन वैरले. परत वर बघितलं तर फळीवरून मुंग्यांची ओळ लागलेली. ओळ सरळ पुस्तकाच्या कडेत शिरत होती. एकाच जागी आत जात होत्या आणि तिथूनच बाहेर येत होत्या. मी पुस्तक उचलून झटकलं, पण मुंग्या ज्या फटीत जात होत्या ती फट मला कधी दिसलीच नव्हती. तिथलं एक पान हाताला जाड लागत होतं. इतके दिवस मी ते जाड पानच समजत होते.

दोन पानं होती ती, गुळानं एकमेकांना चिकटलेली. मी पुस्तक भाताच्या वाफेवर धरलं. हात भाजला तरी धरून ठेवलं. मग सुईच्या टोकानं कडेनं कडेनं सोडवत गेले. पानं सुटली तेव्हा मधे मेलेल्या मुंग्या होत्या, आणि त्यांच्याखाली छापलेलं होतं: घाटात अरुंद जागी उतारावरून येणाऱ्या मोटारीने थांबून चढावर येणाऱ्या मोटारीस वाट द्यावी.

भरलेली, रिकामी, असला एक शब्द तिथे नव्हता. हे म्हणत होते ते बरोबर होतं आणि मी त्यांचं तोंड बंद केलं होतं.

उन्हाकडे बघून मी हिशेब केला. परीक्षा अकराला. दुसरी सर्व्हिस मोटार थोड्याच वेळात सुटणार होती. ती वेळेवर पोचली तर हे आत जायच्या आधी मी त्यांना गाठू शकत होते. मी पुस्तक कमरेला खोचलं आणि भात तसाच उतरवला. सासूबाई म्हणाल्या, “कुठं निगालीस? काय झालं?” “यांचा एक कागद राहिला,” मी म्हटलं. तेही खोटंच. खोट्याला खोटं जोडत जावं लागतं ते असं. सासूबाईंनी काही न बोलता कमरेची पिशवी सोडून माझ्या हातात भाड्याचे पैसे दिले आणि म्हणाल्या, “पळ.”

आजवर मी एकटी पुण्याला गेले नव्हते. मोटारीत बायकांच्या बाकावर मी एकटीच. कापूरहोळला मोटार थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर उतरून चहा प्यायला बसला. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही म्हणे. मी खिडकीतून ओरडले, “अवो, चला की!” सगळी मोटार माझ्याकडे वळून बघायला लागली. एरवी मी लाजेनं खाली बघितलं असतं. त्या दिवशी मी परत ओरडले. शेवटी ड्रायव्हर गाडी भरायची वाट न बघताच निघाला.

कात्रजचा घाट चढायला लागलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मोटार दमेकऱ्यासारखी धापा टाकत होती. एका वळणावर वरून पोत्यांनी गच्च भरलेला ट्रक उतरत आला. जागा इतकी चिंचोळी की दोघांतून एकच जाणार. आमच्या मोटारीत तर निम्मे बाक रिकामे होते. माझ्या वडिलांच्या रीतीनं आम्ही थांबायला हवं होतं. पण तो भरलेला ट्रक लांबूनच डोंगराच्या कडेला सरकून उभा राहिला, आणि त्याच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात हलवून आम्हाला या म्हटलं. आमची मोटार न थांबता वर चढून गेली. आमच्या ड्रायव्हरनं नुसती मान हलवली. त्यांच्यात ते इतकं साधं होतं. हे पंधरा वर्षं वरंध्यात रोज तेच करत होते, आणि मी पाटावर बसवून त्यांच्याकडून उलटं पाठ करून घेतलं होतं. माझं मन मला खायला उठलं.

पुण्यात उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. विचारत विचारत मी त्या कचेरीत पोचले. मोठं अंगण, अंगणात कडुलिंब, त्याखाली पंधरावीस माणसं धुतलेल्या सदऱ्यांत उभी. हे त्यांच्यात नव्हते. मी पायऱ्यांपाशी गेले, तोच हे आतून बाहेर आले.

मला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. “आई बरी हाय न्हवं?”

“बऱ्या हायत.”

“पोरी?”

“सगळी बरी हायत. काय झालं आत?”

ते कडुलिंबाखाली टेकले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “सगळी दिली उत्तरं,” म्हणाले. “हात दावले. शाळा, दवाखाना, रेघ, समदं सांगितलं. साहेब खुश हुता. मंग म्हनला, तू घाटातला माणूस, घाटाचं सांग. दोन मोटारी समोर आल्या तर वाट कुनाला? म्या सांगितलं, भरल्या गाडीला. त्यो म्हनला, नीट इचार कर. म्या परत त्येच सांगितलं. त्यो म्हनला, कुठं शिकलास हे? म्या म्हनलं, साहेब, पुस्तकात तसंच हाय. मंग त्यो हसला. म्हनला, ज्याला घाटाचा नेम ठाऊक न्हाई त्याला घाटाची गाडी कशी देऊ? म्हैन्यानं ये.”

पुस्तक माझ्या कमरेला टोचत होतं. मी ते पदराखाली आणखी आत सरकवलं. अंगणात बाकीची माणसं होती. तू कशाला आलीस, असंही यांनी विचारलं नाही. बहुतेक वाटलं असेल, काळजीनं आली. त्यानं तर मला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या मोटारीत मी बायकांच्या बाकावर, ते मागे. कुणाला काही कळलं नसतं. पुस्तक मी मालकांना तसंच दिलं असतं, ती दोन पानं परत दाबून चिकटवली असती, तर जन्मात कुणाला कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, नाही असं म्हणणार नाही. चांगला तासभर होता. घाटाच्या माथ्यावर मोटार पाणी घ्यायला थांबली तेव्हा हे खाली उतरून कठड्यावर बसले. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि सांगून टाकलं. पान चिकटलं होतं ते, उत्तर सापडलं नव्हतं ते, पुस्तकात आहे असं मी खोटंच म्हटलं होतं ते, सगळं.

मला वाटलं आता हात उगारतील. उगारला असता तरी मी काही म्हटलं नसतं.

“वाच,” ते म्हणाले.

मी वाचलं.

“परत वाच.”

मी परत वाचलं. उतारावरून येणाऱ्या मोटारीने थांबून चढावर येणाऱ्या मोटारीस वाट द्यावी.

“म्हंजी पुस्तक लिवनारा घाटात आला हुता,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अपेक्षितच नव्हतं. पंधरा दिवस आपल्याला काही येत नाही असं समजून चाललेला माणूस, त्याला छापील कागदानं पहिल्यांदा सांगितलं होतं की तुला येतंय. हसू पुरतं उमटायच्या आधीच ते गेलं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, “मंग मला गाडीवानाची अक्कल का शिकवलीस तू? म्या सांगत हुतो न्हवं, चढाची गाडी थांबली की मागं घसरती?”

“व्हय,” मी म्हटलं. “सांगत होतात.”

मोटारीनं हॉर्न दिला. आम्ही आपापल्या बाकावर जाऊन बसलो.

मालकांनी पुण्याहून ड्रायव्हर आणला. यांना काढलं नाही, पण मोटारीवर क्लीनर म्हणून ठेवलं. जी गाडी पंधरा वर्षं चालवली तिच्यात हे डाव्या बाजूला बसायला लागले. पाणी भरायचं, काच पुसायची, घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकामागं दगड लावायचा. चाळिशीचा माणूस. बाजारातले रामराम कमी झाले. काहीजण मुद्दाम विचारायचे, “काय, आज डावीकडं?” सासूबाई एकदा जेवताना म्हणाल्या, “डोक्यातच शिरत न्हाई त्याच्या, पुस्तकाचं काम न्हाई त्याचं.” मी भाकरी थापत होते. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चूक कुणाची हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघंही बोलत नव्हते. त्यांचं गप्प बसणं मला समजत होतं. माझं गप्प बसणं मात्र निव्वळ भित्रेपणा होता.

आठवडाभर पुस्तक उघडलं नाही. मग एका दुपारी त्यांनी स्वतः दाराची कडी लावली आणि पाटावर बसले. सूप घेतलं नाही. या खेपेला आम्ही उलटं केलं. प्रश्न मी वाचायचे, पण आधी त्यांनी सांगायचं की ते स्वतः गाडीवर असताना काय करतात आणि का करतात. मग मी पुस्तकात बघायचे. दहातली आठ तशीच निघायची. उरलेली दोन शहरातली असायची, शिपायाची नि रेघेची, तेवढी पाठ करायची. एखादं उत्तर सापडलं नाही की मी सरळ म्हणायचे, सापडत नाही, आणि पानाच्या कडा चोळून बघायचे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या परीक्षेला ते म्हणाले, “तू बी चल.” का ते सांगितलं नाही.

कचेरीच्या लांब पडवीत मी खिडकीखाली उभी राहिले. खिडकी उघडी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेब तोच होता. त्यानं हात विचारले, शाळा विचारली, दवाखाना विचारला. हे नीट सांगत होते. माझे ओठ त्यांच्या बरोबर हलत होते. मग साहेब म्हणाला, “तू मागच्या महिन्यात आला होतास ना? भरल्या गाडीला वाट?”

“व्हय साहेब.”

“आज कुणाला वाट?”

“चढाच्या गाडीला. चढाला थांबली की ती मागं घसरती, परत उचलत न्हाई. भरलेली असो का रिकामी. उतारवाल्यानं लांबनंच बघून जागा धरायची.”

“या वेळी पुस्तक पाठ केलेलं दिसतंय.”

“पुस्तक माझ्या बायकूनं वाचलं साहेब. मला वाचता येत न्हाई. ह्ये घाटात शिकलो.”

“कधी?”

“झाली पंधरा वर्सं.”

साहेबाच्या खुर्चीचा आवाज झाला. “मग पंधरा वर्षं ठाऊक होतं, तर मागच्या वेळी चुकीचं का सांगितलंस?”

मी खिडकीचा गज घट्ट धरला. आता सांगतील, असं मला वाटलं. सांगायलाच हवं होतं. बायकोनं खोटं शिकवलं म्हणून, एवढं बोलले असते तर साहेब हसला असता आणि गोष्ट मिटली असती.

“चूक माझी, साहेब,” हे म्हणाले. “मला ठाऊक हुतं, त्ये म्या बोललो न्हाई.”

त्या खिडकीतून मला ओरडावंसं वाटलं. कापूरहोळला मी सगळ्या मोटारीदेखत दोनदा ओरडले होते, आणि इथे, जिथे खरोखर ओरडायला पाहिजे होतं, तिथे माझ्या गळ्यातून आवाज निघाला नाही. पुढे त्यांनी मोटार चालवून दाखवली, पास झाले, गाडी परत मिळाली आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांनी घाट चढला-उतरला. सासूबाई जाईपर्यंत म्हणत राहिल्या की माझा मुलगा पहिल्या खेपेला नापास झाला होता. यांनी कधी आईला खरं सांगितलं नाही आणि मलाही कधी बोलून दाखवलं नाही. आता ते नाहीत. त्या दिवशी साहेबाला जे मी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते: चूक त्यांची नव्हती, माझी होती.